हौसाचं बारसं

सासूबाईंना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवायला नको.

माझं जन्मनाव हौसा. हौसा दत्ताजी मोहिते, मुक्काम तासगावजवळचं एक खेडं. मी जन्मले त्याच आठवड्यात आबांची आई गेली आणि तिचं नाव आबांनी मला देऊन टाकलं. वर्गात सगळ्या मुली कियारा आणि मायरा, त्यांच्यात मी एकटी हौसा. पोरं चिडवायची. मी रडत घरी आले की आबा म्हणायचे, "आगं, आमच्या आईचं नुसतं नाव काढलं तर गावातली भांडणं मिटायची. आन् तू रडतीस व्हय?" आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आबा दिवसातून शंभरदा मला हाक मारायचे आणि काम मात्र एकाही हाकेला नसायचं.

लग्न ठरलं सांगलीच्या सूर्यवंश्यांच्या समरजितशी. माझ्या सासूबाई, विजयमाला सूर्यवंशी, एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बैठकीत त्यांनी आपणहून सांगितलं होतं, "आमच्याकडे मुलीचं नाव बदलत नाहीत. आता कोण बदलतं?" मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले होते. आणि लग्न लागल्यावर, हॉलमध्येच, लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं. समरजितने बोटातली अंगठी काढली आणि तांदळावर 'शाल्मली' लिहिलं. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो ताटाकडे बघत म्हणाला, "आईची इच्छा आहे गं. होऊन जाऊ दे एकदाचं."

सासूबाई पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हौसा काय नाव आहे? धुणंभांडीवालीला हाक मारल्यासारखं वाटतं."

समोरच आबा बसले होते, फेटा बांधून. ते हसले. "चांगलं हाय की नाव," असं म्हणून त्यांनी सासूबाईंना हात जोडले. ते हसू मी आजही विसरलेली नाही. त्यानंतर आबांनी मला फोनवर कधी हौसा म्हटलं नाही. पलीकडे कोण ऐकत असेल या भीतीने ते "शाल्मलीबाई, बरं हाय न्हवं?" असं विचारायचे, स्वतःच्या पोरीला, परक्या बाईशी बोलावं तसं. दोन वर्षांनी ते गेले. दहाव्याची बातमी सासरच्यांनी पेपरात दिली आणि त्यात छापलं, 'मागे कन्या सौ. शाल्मली.' गावातले लोक मला भेटायला आले तेव्हा एका म्हातारीने विचारलं, "हौसे, ही दुसरी पोरगी दत्ताला कधी झाली गं?"

त्या दिवशी मी ठरवलं. या बाईला हे नाव गिळायला लावीन, तेही चारचौघांत.

कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं. पण मी नवजात बाळांच्या श्रवणचाचणीचं काम करते. सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ऐकू येतं की नाही, ते आमच्या खोलीत बघतात. बाळाच्या डोक्याला बारीक चकत्या चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा आणि मेंदूतून उठणारी विजेची लहर पडद्यावर वाचायची. बारा वर्षांत हजारो लहरी वाचल्यात मी. दिवस राहिले त्याच सुमारास सांगलीत 'नामवेध' आलं आणि माझं काम आपोआप सोपं झालं.

नामवेध म्हणजे मूळ आमचीच चाचणी, फक्त नटवलेली. पोटातल्या बाळाला सहाव्या महिन्यापासून ऐकू येतं. बाहेरचे आवाज दबून जातात, भिंतीपलीकडून यावेत तसे, पण आईचा आवाज तिच्या हाडांमधून थेट आत पोचतो. एखादा शब्द बाळाने पुन्हा पुन्हा ऐकला की जन्मल्यावर त्याचा मेंदू तो ओळखतो. ओळखीचा शब्द कानावर पडला की पाव सेकंदात लहर उंच उडते, अनोळखी असला तर नुसतीच हलते. नामवेधची मऊ टोपी झोपलेल्या बाळाला घालायची, घरच्यांनी दिलेली नावं घरच्यांच्याच आवाजात ऐकवायची आणि जिथे लहर सर्वांत उंच, ते बाळाने निवडलेलं नाव. जाहिरातीत असायचं, 'तिला विचारलंत का?' लोक वेडे झाले होते. नामवेधशिवाय बारसं म्हणजे केकशिवाय वाढदिवस अशी गत झाली.

सासूबाईंनी चौथ्या महिन्यातच आगाऊ नोंदणी केली. त्यांच्या भावाच्या नातवाचं नाव नामवेधने निघालं होतं, मग आपलं का नको? त्यांनी दहा नावांची यादी केली आणि रोज सकाळी माझ्या पोटाशी बसून ती नावं गोड आवाजात वाचायला लागल्या. शरयू, मृण्मयी, आलोका, अशी. वाईट नव्हती नावं, मी खोटं बोलणार नाही. पण कंपनीचा एक नियम त्यांनी नीट वाचला नव्हता. बाळाच्या आईला एक नाव बंद पाकिटात देता येतं. त्याला 'आईची चिठ्ठी' म्हणतात.

दवाखान्यात आमच्याकडे एक ध्वनिबंद खोली आहे. मोठ्या माणसांचे कान तपासायला बांधलेली, कपाटापेक्षा जरा मोठी. दार लावलं की बाहेरचं जग संपतं. सहाव्या महिन्यापासून रोज दुपारी डबा खाऊन मी त्या खोलीत जाऊन बसायचे आणि पोटावर हात ठेवून म्हणायचे, हौसा. दोनशे वेळा. एकही दिवस चुकवला नाही. कंटाळा आला की तांदळाचं ताट आठवायचं. त्यानेही भागलं नाही तर आबांचे जोडलेले हात. मग दात आवळून पुढची शंभर सहज व्हायची. मला वाटायचं, हे लेकीवरचं प्रेम आहे.

घरी आले की दारातच हाक तयार असायची. "शाल्मलीऽऽ!" पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर गाजलेला आवाज तो. चहा गार झाला, शाल्मली. टॉवेल वाळत घातला नाही, शाल्मली. आमच्या घराच्या भिंतींत बोलका मदतनीस बसवलेला आहे, तोही सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे मला शाल्मलीच म्हणायचा. एकदा घरात कुणी नसताना मी त्याला सांगितलं, "मी हौसा." तो अदबीने म्हणाला, "या नावाची व्यक्ती या घरात नोंदलेली नाही."

मुलगी झाली. माहेरी कुणी नसल्याने बाळंतपण सासरीच. बाराव्या दिवशी, सकाळी अकराला, खालच्या हॉलमध्ये बारसं ठरलं. शंभरेक माणसं. सासूबाईंच्या जुन्या शाळेतल्या सगळ्या बाया, भिशीच्या मैत्रिणी, भावजया. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची मोठी परात, आणि पाळण्याशेजारी नामवेधची पोरगी, निळ्या साडीत, टोपी आणि पडदा घेऊन. तिचं नाव ऐश्वर्या होतं आणि ती सराईतपणे हसत होती.

बाळ दूध पिऊन झोपलं तशी तिने टोपी घातली. वीस मिनिटं हॉलमध्ये सगळे कुजबुजत होते. सासूबाई मैत्रिणींना सांगत होत्या, "मला वाटतं मृण्मयी निघेल. मी जोर दिला होता त्याच्यावर."

ऐश्वर्याने पाकीट फोडलेलं होतं, चिठ्ठीतलं नाव माझ्या आवाजात आधीच भरलेलं होतं. पडद्यावर अकरा खांब उभे राहिले. दहा बुटके. अकरावा छतापर्यंत.

"बाळाने नाव निवडलेलं आहे," ऐश्वर्या म्हणाली. "आईच्या चिठ्ठीतलं नाव. हौसा!"

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. मी सासूबाईंकडे बघत होते. तीन वर्षं मी त्या चेहऱ्यावर जे बघायला तडफडत होते, ते मला दिसलं. आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि मग सगळा हॉल आपल्याकडे बघतोय हेही कळलं. मला इतका आनंद झाला की टाके दुखायला लागले.

"हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "हिने काहीतरी केलंय. ही त्याच खात्यात कामाला आहे. यंत्राशी खेळलीय ही!"

"आई, अहो पाहुणे आहेत," समरजित म्हणाला.

"असू देत पाहुणे! घरात जे नाव कधी कुणी घेतलं नाही ते बारा दिवसांच्या पोरीला कुठून कळणार?"

ऐश्वर्या घाईने पडद्यापाशी गेली. "मॅडम, यंत्रात बदल करता येत नाही. हवं तर सगळी नोंद दाखवते."

"दाखवा ना," मी म्हटलं. "माझी काही हरकत नाही. आणि खालची पट्टीसुद्धा दाखवा."

खालची पट्टी कंपनी कुणाला दाखवत नाही. बाळ सुरक्षित आहे ना, हे बघायला टोपी हृदयाचे ठोकेही मोजते, ते तिथे उमटतात. विकायला त्याचा उपयोग नाही म्हणून लपवलेले असतात. पण मला ते वाचता येतात. ओळखीचा, हवासा आवाज आला की बाळाचं हृदय क्षणभर संथ होतं, कान देऊन ऐकतं. धोक्याचा आवाज आला की उसळतं. लहर फक्त एवढंच सांगते की हा शब्द मला माहीत आहे. तो कसा माहीत आहे, ते हृदय सांगतं.

तुलनेसाठी नामवेध घरातली नेहमीची नावंही ऐकवतं, ती निवडीत धरत नाहीत. त्यात माझं होतं. सासूबाईंच्या आवाजात, भिंतीतल्या मदतनिसाने टिपून ठेवलेलं.

मी खुर्चीतून उठले आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा. 'शाल्मली', आईंच्या आवाजात. लहर हौसापेक्षाही उंच आहे. म्हणजे हे नाव तिला सगळ्यांत जास्त पाठ आहे. आणि आता खाली बघा. ठोके एकशे तीसवरून एकशे अठ्ठ्याहत्तर. झोपेत. तुम्ही हाक मारली की माझी छाती धडधडायची, आई. सहाव्या महिन्यापासून रोज. माझ्या रक्तातून ते सगळं तिच्यापर्यंत गेलं. तुमचा आवाज तिला ओळखता येतो तो असा."

"खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या, पण मुख्याध्यापिकेचा आवाज राहिला नव्हता.

"मग मारा ना हाक. आत्ता. टोपी घातलेलीच आहे."

त्यांनी मारली नाही. शंभर माणसांसमोर त्या पाळण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात हळूहळू तोंडाशी गेला. त्यांच्या शाळेतल्या एका बाईंनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. कुणीतरी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. थोड्या वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवा. हौसाच ठेवा."

यापेक्षा गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

अवंतिकाताई, माझी नणंद, पाळण्याशी आली. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. ती वाकली, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला मागे सरसावून उभ्या राहिल्या. अवंतिकाताईने मान वळवून मला विचारलं, "वहिनी, नक्की ना? हौसा?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने पडद्यावर नजर गेली. नोंद अजून उघडीच होती. शाल्मलीच्या खाली हौसाची ओळ. एकशे तीसवरून एकशे चौऱ्याहत्तर.

मी पुन्हा वाचलं. बारा वर्षं हेच वाचत आलेय, चूक होण्याचा प्रश्न नव्हता. माझाच आवाज, माझंच नाव, आणि माझ्या लेकीचं हृदय आपटत होतं. ध्वनिबंद खोलीत दात आवळून मी दोनशे वेळा जे घोकलं होतं, त्यात तांदळाचं ताट होतं, जोडलेले हात होते, या बाईचा द्वेष होता. लेकीपर्यंत ते सगळंच्या सगळं पोचलं होतं. सासूबाईंनी निदान दुरून ओरडून घाबरवलं होतं. मी आतून घाबरवलं.

बाकीच्या दहा नावांखाली ठोके ढिम्म होते. शरयू, मृण्मयी, आलोका. सकाळी गोड आवाजात वाचलेली ती नावं तिला फारशी आठवतही नव्हती, पण त्यांची भीती तिला मुळीच नव्हती. दहातलं कुठलंही उचललं असतं तरी चाललं असतं. फक्त ती यादी सासूबाईंची होती.

पडद्यावरचं ते ऐश्वर्याला कळत नव्हतं. समरजितला कळत नव्हतं. हॉलमध्ये फक्त मला कळत होतं. "थांबा" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी खुर्चीकडे बघितलं. सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या, लग्नात सगळ्यांसमोर आबा बसले होते तशाच.

"नक्की," मी म्हटलं. "हौसा."

अवंतिकाताईने बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाठीवर धपाटे पडले, बायका हसल्या. बाळ दचकून जागं झालं आणि किंचाळायला लागलं. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बघा, नाव पोचलं!" आणि मी, तिची आई, त्या क्षणी खूश होते. हे मी लपवणार नाही.

या गोष्टीला आता पावणेदोन वर्षं झाली. पोटात असताना जे शिकलेलं असतं ते चार-सहा महिन्यांत पुसलं जातं असं आमच्या पुस्तकात लिहिलं आहे. पण ते पुसायला थोडी उसंत द्यावी लागते. मी ती दिली नाही. सासूबाई आसपास असल्या की मी मुद्दाम मोठ्याने हाक मारायचे, हौसा, अगं हौसा, आणि त्यांचा चेहरा बघायचे. लेकीचा चेहरा बघायला वेळ कुठे होता? आता तो दिसतो. हाक मारली की तिचे खांदे जरासे वर जातात, मग ती वळते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी हिशेबात धरलीच नव्हती. एका घरात दोन हौसा कशा असतील? हौसा म्हणजे आता ती. मी कायमची शाल्मली होऊन बसले. पूर्वी निदान मनात तरी मी स्वतःला हौसा म्हणायचे. आता म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढे येते, खांदे वर केलेली.

नाव बदलता येतं. पालिकेचा अर्ज मी भरून ठेवला आहे, नव्या नावाचा रकाना तेवढा मोकळा आहे. कपाटात, साड्यांखाली. दर महिन्याला बाहेर काढते आणि परत ठेवते. तो दिला तर सासूबाई जिंकल्या असं होईल ना. आबांचे हात पुन्हा जोडले जातील.

सासूबाईंनी बारशापासून ते नाव एकदाही घेतलेलं नाही. मला वाटलं, हा त्यांचा ताठा आहे, आणि मला तो आवडायचाही, कारण त्यांना ते बोचतंय हे त्यातून कळत होतं. त्या तिला नुसतं बाळ म्हणतात. आणि हळू म्हणतात. त्या दिवसानंतर या घरात त्यांनी कुणालाच मोठ्याने हाक मारलेली नाही, मलासुद्धा.

परवा रविवारी सकाळी लेक अंगणात खेळत होती. जास्वंदीच्या कुंडीतली माती काढून पाटीत भरत होती. सासूबाई पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "हौसा, चल, अंघोळ करायची आहे."

खांदे वर गेले. तिने माझ्याकडे बघितलं, मातीचे हात फ्रॉकला पुसले आणि जागीच उभी राहिली.

"हौसा!"

सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "बाळ, ये," असं त्या म्हणाल्या, जेमतेम ऐकू येईल असं. लेक धावत सुटली. पायरी चढताना पडली, उठली, आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून बसली. तिची पाठ मला दिसत होती. खांदे खाली आले होते.

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जिंकलेल्या बाईसारखं एकदा तरी बघायला हवं होतं त्यांनी.